कबड्डीपटूने वजन उचलावं का?

वजनं उचलली की अंग आखडतं, चपळाई जाते, असं कबड्डीच्या मैदानावर आजही ऐकू येतं. मग सराव उरतो तो फेऱ्या, जोर-बैठका आणि शेवटी थोडं ताणणं एवढाच. खरं तर चपळाई ताकदीवरच उभी असते. चढाईपटू झेपावतो, थबकतो, उलटा वळतो, तेव्हा एकेका पायावर शरीराच्या वजनाहून कितीतरी जास्त भार येतो. अंग भरतं ते मुख्यतः भरपूर आवर्तनं आणि जादा आहार यांमुळे. वजन जड, आवर्तनं मोजकी आणि मध्ये पुरेशी विश्रांती ठेवली, तर शरीराचं वजन फारसं न वाढताही ताकद वाढते.

फेऱ्यांनी दम वाढतो, पण कबड्डीत तेवढ्याने भागत नाही. चढाई ३० सेकंदांची. मग थोडी उसंत, पुन्हा झेप. डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांनी फुटबॉलसाठी आखलेली यो-यो चाचणी हेच मोजते: २० मीटर जाऊन परत, १० सेकंद विश्रांती, आणि वेग वाढत जातो. सरावही तसाच तुकड्या-तुकड्यांचा हवा.

सामन्याआधी ताणून घेतलं की दुखापत टळते, हा समज सर्वांत महागात पडतो. मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बहुतेकदा भरधाव धावताना लांबत असतानाच दुखावतो. म्हणून त्याला त्याच स्थितीत जोर लावायला शिकवावं लागतं. नॉर्डिक व्यायाम त्यासाठीच आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, सोबत्याने घोटे दाबून धरायचे आणि धड ताठ ठेवून, पडणं रोखत, हळूहळू पुढे झुकायचं. डेन्मार्कमधल्या ५० फुटबॉल संघांवरचा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचाच सराव करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या ५२ दुखापती झाल्या, नॉर्डिक करणाऱ्या गटात १५. खर्च शून्य! गावातल्या संघालाही मॅट आणि एक सोबती पुरतो.

वजनं उचलल्याने मुलांची उंची खुंटते, या भीतीलाही आधार नाही. जाणत्या प्रशिक्षकाची नजर मात्र हवी. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींनी ताकद, तोल आणि उडी यांचा २० मिनिटांचा वॉर्म-अप केला, तेव्हा त्यांच्या गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

हंगाम सुरू होताच व्यायाम थांबवणारे संघ कमावलेली ताकद काही आठवड्यांत गमावू लागतात. वजन तेवढंच ठेवून, आवर्तनं कमी करून आठवड्यातून एक-दोन सत्रं केली तरी ती टिकते. फक्त सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक नको. नवख्यांच्या मांड्या त्याने दोन दिवस दुखतात.