पाण्याकाठच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर घरे : परवानगीचा खरा प्रश्न मोजणीचा

बंगळुरू : जे. पी. नगरमधील सरक्की तलावाच्या काठावर एप्रिल 2015 मध्ये पाडकामाची यंत्रे उतरली, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांच्या हातात नोंदणीकृत खरेदीखते, मालमत्ता कराच्या पावत्या आणि विजेची देयके होती. सुमारे 82 एकरांच्या या तलावाच्या हद्दीतील अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हटविण्यात आली आणि त्यांत राहती घरेही गेली. रहिवाशांकडील कागद खोटे असतीलच असे नाही; परंतु खरेदीखत व्यवहाराची साक्ष देते, करपावती कर भरल्याची. जागा बांधकामास योग्य आहे, असे यांपैकी एकही कागद सांगत नाही.

शहराच्या पोटात मोकळी जमीन उरली नसल्याने बंद पडलेले कारखाने आणि गोदामे यांच्या जागांवर आता गृहप्रकल्पांचा डोळा आहे. यांतील बऱ्याच जागा पाण्यालगत असतात, कारण उद्योगाला पाणी लागते आणि सांडपाणी सोडायलाही वाट लागते. बंगळुरू उंचवट्यावर वसलेले, मोठी नदी नसलेले शहर. येथे नदीचे काम तलावांची साखळी आणि त्यांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे मोठे नाले करतात. त्यामुळे नदीकाठी जे निर्बंध असावेत, ते येथे तलाव व नाल्यांना लागू होतात.

औद्योगिक क्षेत्रात दाखविलेल्या जमिनीवर घरे बांधायची तर प्रथम भूवापर बदलावा लागतो. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम, 1961 च्या कलम 14-अ नुसार नियोजन प्राधिकरणाला त्यासाठी जाहीर सूचना काढून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. शेजाऱ्यांना आपले म्हणणे मांडण्याची ही सर्वांत चांगली संधी. ती बहुधा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांत निसटून जाते. पुढे विकास परवानगी व इमारतीचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरते.

खरा वाद उद्भवतो तो राखीव पट्ट्यावरून. बंगळुरूच्या ‘2015’ नावाच्या आणि 2007 मध्ये लागू झालेल्या विकास आराखड्यात तलावाभोवती 30 मीटर, तर नाल्याच्या श्रेणीनुसार 50, 25 व 15 मीटर पट्टा राखीव आहे. अगरा आणि बेळ्ळंदूर तलावांदरम्यानच्या बांधकामांविषयीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे 2016 मध्ये हे अंतर तलावासाठी 75 मीटर, तर नाल्यांसाठी 50, 35 व 25 मीटर केले. सर्वोच्च न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी ही वाढ रद्द केली. कायद्याने मंजूर झालेला आराखडा बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, असा त्याचा आशय होता.

मोठ्या नाल्यासाठी दोन्हीकडे आकडा 50 मीटरच होता, हे येथे ध्यानात घ्यावे. फरक मोजणीच्या आरंभबिंदूत होता : आराखडा नाल्याच्या मध्यरेषेपासून मोजतो, न्यायाधिकरणाने काठापासून मोजण्यास सांगितले होते. नाला 20 मीटर रुंद असेल, तर या एका शब्दाने प्रत्येक बाजूची 10 मीटर जमीन बांधकामयोग्य ठरते किंवा हातची जाते. नाल्यालगत 100 मीटर लांबीची बाजू असलेल्या भूखंडात हा फरक 1,000 चौरस मीटरचा होतो. त्यात नाला बुजवला वा वळवला गेला असेल, तर तो मुळात कुठून वाहत होता, हे जुन्या गावनकाशांतच शोधावे लागते.

जमिनीवरच्या रेषेइतकाच जमिनीखालचा थर महत्त्वाचा. कारखाना बंद झाला तरी त्याची रसायने, तेल आणि जड धातू मातीत राहतात व भूजलात उतरू शकतात. अशा जागांसाठी केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची नोंद, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून तपासणी आणि प्रदूषण करणाऱ्याकडून शुद्धीकरणाचा खर्च, अशी त्यांची रचना आहे. परंतु कारखानदार निघून गेलेला आणि जमीन दोनतीन हातांतून फिरलेली असेल, तर जबाबदार कोणाला धरायचे, हा प्रश्न सोपा राहत नाही.

महाराष्ट्रात नदीकाठासाठी निळी आणि लाल, अशा दोन पूररेषा आखतात. निळी ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येते. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले 36 बंगले महापालिकेने 17 मे 2025 रोजी पाडले. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नव्हता.

जागा 500 चौरस मीटरहून मोठी किंवा सदनिका आठांहून अधिक असतील, तर प्रकल्पाची स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदणी बंधनकारक असते आणि करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ही नोंदणी म्हणजे मातीची तपासणी नव्हे आणि नाल्याची मोजणीही नव्हे. म्हणून ती दहा टक्के रक्कम देण्यापूर्वीच भूवापर बदलाचा आदेश, मंजूर नकाशा, माती व भूजल तपासणीचा अहवाल आणि राखीव पट्टा कोठून मोजला याची लेखी माहिती विकासकाकडून मागून घ्यावी. सर्वेक्षण क्रमांक हाती असल्यास भूमापन कार्यालयातील गावनकाशाची प्रत काढून ती मंजूर नकाशाशेजारी ठेवून पाहता येते.