गेम सामुराईंचा, पण हिशोब सगळा तांदळाचा!

पोरगं कॉम्प्युटरसमोर तासन् तास बसलं की घरात एकच ओरड असते, 'बंद कर ते!' पण बंद करायच्या आधी तो काय खेळतोय ते एकदा बघायला काय हरकत आहे? 'टोटल वॉर : शोगुन २' हा असाच एक गेम. 2011 साली आला. 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या ब्रिटिश कंपनीने तो बनवला.

गोष्ट आहे 1545 च्या जपानची. तेव्हा तिथे सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते. ओदा, ताकेदा, उएसुगी, शिमाझू अशी ती घराणी. आपण एक घराणं निवडायचं, एकेक प्रांत घेत क्योटो ताब्यात आणायचं आणि शोगुन, म्हणजे साऱ्या देशाचा सेनापती व्हायचं. बुद्धिबळासारखी आधी आपली चाल, मग बाकीच्यांची. एक चाल म्हणजे एक ऋतू, वर्षाला चार चाली. फौजा समोरासमोर आल्या की मात्र लढाई थेट चालू होते.

आता शेतकऱ्याने बघण्यासारखी गोष्ट. या गेममधला पैसा म्हणजे 'कोकू'. कोकू हे जपानचं जुनं माप, साधारण 180 लिटर, म्हणजे जवळपास दीड क्विंटल तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. सरदाराची ऐपत तिथे कोकूतच मोजायचे. 1582 पासून हिदेयोशीने देशभर जमिनीची मोजणी लावली, तीही कुठली जमीन किती कोकू पिकवते यासाठीच.

गेममध्येही तसंच. शेती न सुधारता नुसते किल्ले वाढवले की धान्य कमी पडतं आणि लोक बिथरतात. सारा वाढवला तर तिजोरी भरते, पण बंडही होतं. कमी ठेवला तर गाव वाढतं. हिवाळ्यात शत्रूच्या मुलखात फौज अडकली तर न लढताच माणसं गळतात. आणि आपलं नाव फार मोठं झालं की कालचे दोस्तही उलटतात.

एक खटकतं. पिकवणारा माणूस इथे दिसतच नाही, दिसतो फक्त आकडा. सारा वाढवायला एक क्लिक पुरते. खऱ्या इतिहासात ते एवढं सोपं नव्हतं. कागा प्रांतात 1488 मध्ये शेतकरी आणि बौद्ध भिक्षूंच्या 'इक्को-इक्की' संघटनेने सरदारालाच पाडलं आणि सुमारे 90 वर्षं तो प्रांत आपल्या हातात ठेवला.

याच कंपनीच्या 2009 च्या 'एम्पायर' गेममध्ये मराठ्यांची बाजू घेऊनही खेळता येतं.

तेव्हा पालकांनो, वेळेची मर्यादा घालाच. पण एकदा शेजारी बसून पोराला विचारा, 'सारा किती लावलास रे? आणि रयत काय खाणार?' अभ्यास तिथूनच सुरू होतो.