जिनिंग-प्रेसिंग कारखाने, वऱ्हाडातील : स्थळपरीक्षण

कापसातील सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याची जागा कितपत सुरक्षित आहे आणि अपघातानंतर तेथील काम किती लवकर पूर्ववत होऊ शकेल, यांची पद्धतशीर तपासणी म्हणजे स्थळपरीक्षण होय. अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापसाची आवक मुख्यत्वे नोव्हेंबर ते मार्च या काळात होते. त्यामुळे ऐन हंगामात महिनाभर बंद पडलेल्या कारखान्याचे नुकसान पुढे भरून निघत नाही व शेतकऱ्यांच्या मालाचा उठावही अडतो.

लोहमार्ग १८६७ मध्ये अकोला व बडनेरामार्गे नागपूरला पोहोचला. १८७१ मध्ये बडनेरा–अमरावती हा फाटा सुरू झाला. साहजिकच कारखाने स्थानके व बाजार यांच्या जवळ उभारले गेले. वाहतुकीच्या दृष्टीने ही निवड योग्य होती; परंतु पुढे शहरे वाढली आणि अशा अनेक कारखान्यांभोवती दाट वस्ती झाली. जी जागा व्यापारास सोयीची, तीच आग पसरण्यास अनुकूल ठरू शकते.

आग हा सर्वांत मोठा धोका होय. कापसात आलेले खडे किंवा लोखंडाचे तुकडे, तापलेले धारवे आणि विजेच्या जोडणीतील दोष यांमुळे ठिणगी पडते. गाठीत दाबली गेलेली ठिणगी कित्येक तास, प्रसंगी काही दिवस, आतल्या आत धुमसत राहते व बाहेरून मारलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कापसाच्या गंजी लहान व परस्परांपासून दूर रचणे, तसेच नव्या गाठी काही काळ वखारीबाहेर ठेवणे आवश्यक असते.

पाणी व जमीन यांचाही विचार करावा लागतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारे असल्याने नळ व पंप गंजतात. अकोला शहरास काटेपूर्णा, तर अमरावतीस ऊर्ध्व वर्धा जलाशयातून पाणी मिळते. दूरच्या पुरवठ्यावर विसंबण्याऐवजी आवारात स्वतंत्र टाकी असणे इष्ट. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. नदीकाठची पूररेषाही पाहावी लागते. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीच्या पुराचे पाणी अकोल्यातील वस्त्यांत शिरले होते.

जोखमीइतकेच महत्त्व काम चालू राहण्याच्या क्षमतेस आहे. पूर्वी एकाच वाफयंत्राच्या दंडावर सर्व रेचे चालत. यंत्र थांबले की कारखाना थांबे. आता प्रत्येक रेच्यास स्वतंत्र विद्युत् चलित्र असते. तथापि गाठी बांधणारा दाबयंत्र-संच व विजेचे रोहित्र बहुधा एकेकच असतात. पंचवीस रेच्यांपैकी दोन बिघडले, तर उत्पादन थोडे घटते. दाबयंत्र बिघडल्यास मात्र सैल रुईचा साठा वाढून आगीचा धोकाही वाढतो. आगीच्या साध्या विम्यातून इमारत व माल यांची भरपाई मिळते. बुडालेल्या नफ्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला २०२४ मध्ये बसविण्यात आली. अशा उद्यानांत पाणी, वीज व अग्निशमन यांची सामाईक व्यवस्था स्वस्त पडते; मात्र तीच निकामी झाल्यास अनेक कारखाने एकाच वेळी थांबतात. त्यामुळे परीक्षणात एकेका आवाराबरोबर सामाईक व्यवस्थेचीही तपासणी करावी लागते.