मोडलेलं पॅकेज काढायचं कसं?

मागच्या व्याख्यानात आपण लिनक्सवर पॅकेज बसवायला शिकलो. आज बसता-बसता मोडलेलं पॅकेज काढायला शिकू. उदाहरण डेबियन आणि उबुंटूचं घेऊ.

समजा, आपण प्रिंटरचा ड्रायव्हर डाउनलोड केला, बसवायला घेतला आणि मध्येच वीज गेली. आता ॲप्ट चालवलं की ते म्हणतं, हे पॅकेज पुन्हा बसवायला हवं, पण त्याची फाइल मला सापडत नाही. आणि तिथेच थांबतं. नवीन काही बसत नाही, सुरक्षेचे अपडेटसुद्धा अडून राहतात.

अशा वेळी आपण काय करतो? ड्रायव्हरच्या फाइली शोधून डिलीट करतो. तेवढ्याने भागत नाही. ॲप्टच्या खाली डीपीकेजी हा प्रोग्राम काम करतो आणि कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे, हे 'स्टेटस' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो. घर पाडलं, पण ग्रामपंचायतीतली नोंद राहिली, तर घरपट्टी येतच राहणार ना? तसंच हे. नोंद डीपीकेजीकडूनच काढून घ्यायची.

पहिली पायरी: 'सुडो डीपीकेजी --ऑडिट'. कोणतं पॅकेज अर्धवट आहे ते कळतं.

दुसरी: मूळ डेब फाइल हाताशी असेल तर 'सुडो डीपीकेजी -आय' देऊन ती पुन्हा बसवा. मग 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' नेहमीसारखं चालतं. सगळ्यात सुरक्षित रस्ता हाच.

तिसरी: फाइल नसेल तरच जबरदस्ती. 'सुडो डीपीकेजी --रिमूव्ह --फोर्स-रिमूव्ह-रीइन्स्टरेक' आणि पुढे पॅकेजचं नाव.

कधी कधी अडचण वेगळी असते. पॅकेज पूर्ण बसलेलं असतं, पण काढण्याआधी चालणारी त्याची स्वतःची स्क्रिप्टच फसते. तिचं नाव 'प्रीआरएम'. तिथे वरची जबरदस्ती उपयोगाची नाही. डीपीकेजीच्या 'इन्फो' फोल्डरमध्ये ही स्क्रिप्ट असते. ती उघडून वाचा. अनेकदा ती नसलेली सर्व्हिस बंद करायला जाते, एवढंच कारण असतं. स्क्रिप्टची प्रत काढून ठेवा, पहिल्या ओळीखाली 'एक्झिट 0' लिहा आणि पॅकेज काढा. मात्र स्क्रिप्ट जे काम करणार होती, ते मग आपल्याला हाताने करावं लागेल.

शेवटी 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. इथे घाई नको. काय काय काढणार, त्याची यादी ॲप्ट आधी दाखवतं. ड्रायव्हर काढायला गेलो आणि त्या यादीत डेस्कटॉपचं पॅकेज दिसलं, तर 'वाय' दाबायचं नाही, 'एन' दाबून थांबायचं. मोडलेलं एक पॅकेज दुरुस्त होतं. न वाचता दाबलेला 'वाय' मात्र महागात पडतो.