कनेक्टिकटची घड्याळे, खानदेशातल्या भिंती

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी हिंदुस्थानाकडे वळल्या. खानदेशच्या काळ्या जमिनीला बघता बघता मोल आले. १८६५ मध्ये युद्ध संपले तसे भाव कोसळले, मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. पण तोवर आगगाडी थळ घाट चढून आली होती. १८६७ मध्ये ती नागपूरला आणि १८७० मध्ये जबलपूरला पोचली. जळगावला मुळजी जेठांची गिरणी उभी राहिली, गावोगाव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, कापसाच्या पैशावर दुमजली वाडे बांधले गेले. ज्या रुळांवरून गाठी मुंबईला जात, त्यांवरूनच परदेशी माल उलट येई. जिनिंगच्या यंत्राची मूळ कल्पना अलाबामातल्या मॅकार्थीची. आणि पेढीच्या भिंतीवर टांगायचे घड्याळ आले कनेक्टिकटमधून.

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यातल्या जुन्या घरांतून निघालेल्या घड्याळांवर ॲन्सोनिया, सेथ थॉमस, वॉटरबरी, न्यू हेवन अशी नावे वाचायला मिळतात. घरच्यांना ती कंपनीची नावे वाटतात. त्यांतली ॲन्सोनिया, वॉटरबरी आणि न्यू हेवन ही खरे तर गावेही आहेत, एकाच छोट्या राज्यातली, आणि सगळी मिळून आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या टापूत सामावतील. हा टापू जगाला घड्याळे का पुरवू शकला, हे कळल्याशिवाय आपल्या भिंतीवरच्या वस्तूची किंमत कळत नाही, असे मला वाटते.

युरोपात घड्याळ हे एकेका कारागिराचे काम होते. कनेक्टिकटच्या एली टेरीने १८०६ मध्ये तीन वर्षांत चार हजार लाकडी यंत्रे देण्याचा करार केला, तेव्हा लोकांना ते वेड वाटले. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी यंत्रे लावून, एकसारखे भाग कापून त्याने तो पुरा केला. पुढे १८३० च्या दशकाच्या अखेरीस चॉन्सी जेरोमने लाकडाऐवजी पितळी पत्र्यातून चाके ठोकून काढायला सुरुवात केली. १८४२ मध्ये त्याने पहिला माल इंग्लंडला धाडला. त्यावरची किंमत इतकी कमी होती की कर चुकवायला ती खोटी लिहिली असावी असा जकात अधिकाऱ्यांना संशय आला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांनी लिहिलेली किंमत आणि वर दहा टक्के देऊन सगळा माल सरकारजमा केला. जेरोमला हेच हवे होते. एकरकमी गिऱ्हाईक मिळाले! त्याने लगेच दुसरी खेप पाठवली, तीही तशीच घेतली गेली. तिसऱ्या वेळी जकातवाल्यांनी नाद सोडला. अमेरिकन घड्याळ स्वस्त असते आणि तरी चालते, हे जगाला पटले ते तिथून.

स्वस्ताईचे रहस्य यंत्राच्या अंगातच दिसते. पितळी पट्ट्या मधून कोरून मोकळ्या ठेवलेल्या, म्हणजे पितळ कमी. मुख्य कमान डब्यात बंद नाही, उघडीच. लहान चाकांना दाते कापलेले नाहीत. दोन चकत्यांच्या मध्ये पोलादी तारेचे तुकडे बसवून पिंजऱ्यासारखी चाके केलेली. इंग्रज कारागिराने नाक मुरडावे असे हे काम. पण त्या पिंजऱ्यातून धूळ खाली गळून जाते, अडकून बसत नाही. सरकीची लव आणि उन्हाळी वावटळ घरात येणाऱ्या मुलखाला याहून सोयीचे यंत्र मिळाले नसते. उघड्या कमानीचा तोटाही तेवढाच मोठा. ती तुटली की झटक्याने शेजारच्या चाकाचे दाते मोडते. अशा मोडलेल्या दात्यांची गोष्ट पुढे येणारच आहे.

१८८२ ते १८९४ या बारा वर्षांत हिंदुस्थान सरकारने बहुतेक आयात मालावरची जकात काढून टाकली होती. मँचेस्टरच्या कापडासाठी हे केले गेले आणि त्याने आपल्या गिरण्यांचे नुकसान झाले, हे खरेच. पण त्या उघड्या दारातून अमेरिकन घड्याळही सुखाने आत आले. अष्टकोनी चौकटीचे, खाली लंबकाची काचपेटी असलेले, किंवा इंग्रजी आठच्या आकड्याच्या घडणीचे. आठ दिवसांनी चावी, तबकडीवर दोन भोके: साधारणतः उजवे चालीचे, डावे ठोक्यांचे.

त्या ठोक्यांची खोड ज्यांच्या घरी हे घड्याळ होते त्यांना ठाऊक असेल. ठोके मोजणाऱ्या चाकाला खाचा असतात आणि काटे कुठे आहेत याची त्याला काही खबर नसते. डावी चावी द्यायची राहिली, किंवा कुणी काटे घाईने फिरवले, की घड्याळ चारला सात ठोके देते. मग आतली तार उचलून एकेक तास ठोके वाजवत पुढे न्यायचे. हे काम घरात एकाच माणसाकडे असे, आणि बहुधा रविवारी.

वेळ लावायची ती कशावरून? याचे उत्तर तेव्हा आजच्याइतके सोपे नव्हते. आगगाडी मद्रासच्या वेळेवर चाले, मुंबईची वेळ वेगळी, आणि गावाचा सूर्य त्याहून निराळा. जळगावच्या माथ्यावर सूर्य येतो तो आजच्या प्रमाणवेळेच्या हिशेबाने सरासरी २८ मिनिटे उशिरा. मद्रासच्या वेळेहूनही सुमारे १९ मिनिटे मागे. म्हणजे घरच्या सावलीवर विसंबणाऱ्याची गाडी चुकायची. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे, थेट १९५५ पर्यंत, सोडली नाही. खानदेशात मात्र स्टेशन आणि गिरणीचा भोंगा या दोघांनी वाद मिटवला. भोंगा झाला की घरचे काटे सारखे करायचे. लग्नात घटिकापात्राच्या शेजारी घड्याळ आले आणि हळूहळू पात्र पूजेपुरते उरले.

उन्हाळ्याचा हिशेबही इथे सांगायला हवा, कारण घड्याळ म्हातारे झाले असे म्हणून लोक ते उतरवतात. लंबकाची दांडी लोखंडी तारेची असेल तर वीस अंश उष्णता वाढल्यावर ती इतकी लांबते की घड्याळ रोज दहाएक सेकंद मागे पडते. आठवड्याला मिनिटभराहून थोडे अधिक. माघात बरोबर चालणारे घड्याळ वैशाखात मागे पडले तर तो म्हातारपणाचा दोष नाही. लंबकाखालची चकती थोडी वर फिरवायची, एवढेच.

१९१४ च्या आधीच या व्यापारात दुसरे भिडू उतरले होते. जर्मनीच्या श्रामबर्ग गावातल्या युंगहान्स कंपनीने अमेरिकेची पद्धत उचलली. त्याच गावात 'हॅम्बुर्ग-अमेरिकन' नावाची कंपनी होती, एकमेकांवर आडव्या दोन बाणांची खूण असलेली. तिच्या नावातला 'अमेरिकन' वाचून आजही कित्येकजण ते घड्याळ अमेरिकेचे म्हणून विकतात आणि घेतात. जपानमध्ये हात्तोरी यांनी १८९२ मध्ये सेकोशा कारखाना काढला. नागोयातही भिंतीच्या घड्याळांचे अनेक कारखाने निघाले. त्यांनी अमेरिकन घडण जशीच्या तशी उतरवली, अष्टकोन आणि आठचा आकडा दोन्ही. पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला आणि जपानी मालाला मोकळे रान मिळाले. त्यामुळे खानदेशात 'अमेरिकन' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या घड्याळाचे यंत्र उघडून पाहिल्यावर जपानी निघाले, तर दचकायचे कारण नाही. ते घड्याळही आता शंभरीला आले आहे आणि चांगले केलेले आहे.

मूळ कारखाने एकेक करून संपले. ॲन्सोनियाची कथा विलक्षण आहे. १८५० मध्ये सुरू झालेली ही कंपनी पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेली, तिथला कारखाना १८८० मध्ये जळला, पुन्हा उभा राहिला, आणि १९२९ मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेऊन मॉस्कोला नेली. वॉटरबरीचे १९४४ मध्ये नाव बदलले आणि पुढे तीच टाइमेक्स झाली. आपल्याकडे १९७१ मध्ये गुजरातेतल्या मोरबीत 'अजंता' कंपनी निघाली. सेलवर चालणारी हलकी, स्वस्त घड्याळे घरोघर गेली. जळगावपासून तासा-दोन तासांवर असलेल्या लेण्यांचे नाव घेऊन आलेल्या घड्याळाने जळगावच्या भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ खाली उतरवले. वाटण्या झाल्या, वाडे पाडले गेले, घड्याळे माळ्यावर किंवा भंगारात गेली. पितळेचे वजन करून ती विकली गेली, याचे मला अजून वाईट वाटते.

नंतर शौकीन आले. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून, पुण्याच्या जुन्या बाजारातून मागणी सुरू झाली, आणि व्यापारी वाडे शोधत फिरू लागले. किंमत कशी ठरवायची हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पहिली गोष्ट, जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे. ही घड्याळे लाखांनी बनली. खुद्द अमेरिकेत साध्या अष्टकोनी घड्याळाला आज फारसा भाव नाही. कॅलेंडर दाखवणारी, वजनावर चालणारी, मोठ्या नक्षीची मोजकी घड्याळे सोडली, तर बाकीच्यांची किंमत त्यांच्या अवस्थेवर ठरते. तिथल्या संग्राहकांची पारख बारीक असते, ती शिकण्यासारखी आहे. पेटीतला छापील कागद शाबूत आहे का? सेथ थॉमसच्या कागदावर प्लिमथ हॉलो लिहिले असेल तर घड्याळ जुने. १८६५ च्या सुमारास त्या गावाचे नाव थॉमस्टन झाले. याच कंपनीच्या अनेक पेट्यांवर मागे शाईचा शिक्का असतो, साल उलटे आणि पुढे महिन्याचे इंग्रजी अक्षर: ८९८१ म्हणजे १८९८. यंत्रावर ठोकलेली पेटंटची तारीख मात्र पेटंटचीच. घड्याळ त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेले असू शकते. पेटीच्या पाठीवर यंत्राच्या स्क्रूंशिवाय जास्तीची भोके दिसली, तर आत पूर्वी दुसरे यंत्र होते. पांढरीशुभ्र नवी छापील तबकडी, चकचकीत पॉलिश, रेल्वे कंपनीची ताजी रंगवलेली आद्याक्षरे ही सगळी सावध होण्याची ठिकाणे. रेल्वेची घड्याळे बहुतेक इंग्रजी बनावटीची असत, हेही ध्यानात ठेवावे.

इथपर्यंत माझा त्या पारखीशी वाद नाही. वाद पुढे आहे. त्या हिशेबात बदललेला प्रत्येक भाग म्हणजे खोट आणि किमतीत घट. खानदेशातले घड्याळ उघडले तर काय दिसते? मूळची पाईनची पाठ वाळवीने खाल्ली म्हणून सुताराने बसवलेली सागवानी पाठ. कमान तुटून मोडलेल्या दात्यांच्या जागी डाग देऊन घडवलेले नवे दाते. झिजलेल्या भोकांभोवती टोचे मारून ती आवळलेली, किंवा पितळेची नळी बसवलेली. लंबक जपानी. पट्टीवर सुईने कोरलेली दुरुस्तीची तारीख. सुटे भाग समुद्रापलीकडे असताना घड्याळजींनी तीन पिढ्या हे यंत्र चालते ठेवले, त्याचा हा सगळा पुरावा आहे. बाजारात त्याने भाव उतरत असेल तर उतरो. पण अमेरिकेतून किंवा दुसऱ्या मोडक्या घड्याळातून भाग आणून, सागवानी पाठ काढून, हे सगळे 'मूळ' करून विकण्याची जी चाल पडली आहे, तिने आपल्या घड्याळजींची कामगिरी पुसली जाते. कनेक्टिकटच्या कारखान्याचा इतिहास तिथल्या ब्रिस्टलच्या संग्रहालयात नीट जपलेला आहे. खानदेशी घड्याळजीचा इतिहास या पट्ट्यांवरच्या ओरखड्यांखेरीज कुठेही लिहिलेला नाही.

दुसरे नुकसान गावाचे नाव हरवण्याने होते. अमळनेरच्या पेढीवरचे घड्याळ चोरबाजारात पोचले की ते नुसते 'ॲन्सोनिया' उरते. धुळ्यात हे सांगावे लागू नये. इतिहासाचार्य राजवाडे दारोदार फिरून दफ्तरे गोळा करत, आणि कागद कुणाच्या घरात सापडला याची नोंद ठेवत. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. कागदांना जी शिस्त त्यांनी लावली, तीच वस्तूंना लावायला हवी. घर, गाव, घड्याळ कुणी आणले, कुणी दुरुस्त केले, मुंबईच्या विक्रेत्याची चिठ्ठी आत चिकटलेली असेल तर तिचे छायाचित्र. एवढे एका कागदावर लिहून पेटीच्या आत ठेवायला अर्धा तास पुरतो.

घड्याळाचे वय सांगणारी अशी नोंद कायद्याच्या दृष्टीनेही कामाची आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात किमान शंभर वर्षे जुनी, गतकाळातील विज्ञान किंवा कारागिरी दाखवणारी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ॲन्सोनियाचा मूळ कारखाना १९२९ मध्ये थांबला. म्हणजे २०२९ संपेल तेव्हा त्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक घड्याळाने शंभर वर्षे पुरी केलेली असतील. परदेशातल्या मुलाकडे आजोबांचे घड्याळ पाठवू पाहणाऱ्या घरांनी त्याआधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी, आणि विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाकडे परवाना आहे का ते विचारावे.