ठिणगीचा मुहूर्त

गेल्या महिन्यात चिंचवडचा एक तरुण आजोबांची चेतक ढकलत माझ्याकडे घेऊन आला. "काका, किक मारून मारून पाय दुखला, पण सुरूच होत नाही," म्हणाला. स्कूटर आडवी करून झाली होती, नवा प्लगही बसवून झाला होता. मी उजवीकडचे कव्हर काढले. दोष निघाला तो केसाएवढ्या फटीत.

बजाज ऑटोची चेतक १९७२ साली आली. एके काळी तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या कित्येक कामगारांनी पहिली पाळी तिच्यावरूनच गाठली. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. तरी जुन्या गाड्या जिन्याखाली अजून उभ्या आहेत, आणि नातवंडे त्या बाहेर काढू लागली आहेत.

चाकणच्या शिवारातला डिझेल ट्रॅक्टर पाहा. त्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्याला प्लग लागत नाही. चेतकच्या पेट्रोल इंजिनाला मात्र प्रत्येक फेरीला एक ठिणगी लागते. मिनिटाला पाच हजार फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला ऐंशीहून अधिक ठिणग्या झाल्या!

ही ठिणगी येते कुठून? फ्लायव्हीलमधली चुंबके कॉइलभोवती फिरतात आणि वीज तयार होते. तिच्या वाटेवर पॉइंट नावाचा चिमुकला स्विच असतो. कॅमचा उंचवटा त्याला उचलतो, वीज एकाएकी तुटते आणि त्या झटक्याने एचटी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटताना नव्हे, उघडताना पडते. पॉइंटच जळू नयेत याची काळजी कंडेन्सर घेतो.

मिश्रण पेटायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसतो, किक पायावर उलटते, इंजिन तापते. उशिरा पडली, तर गाडीची ओढ जाते आणि पेट्रोल वाया जाते.

गंमत अशी, की फट आणि वेळ एकमेकींना बांधलेल्या आहेत. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाली की उशिरा. म्हणून आधी फट, मग टायमिंग. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून स्वच्छ फडक्याने पुसावेत. फ्लायव्हील हळूहळू फिरवून ते पूर्ण उघडले, की फिलर गेजने फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावी. प्लगची ०.६. मग पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून फ्लायव्हील फिरवावे. खुणा जुळतात तिथेच कागद सुटला पाहिजे. कॅमच्या नमद्याला तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त झाले तर पॉइंटवर उडते.

हे मी ठेच खाऊन शिकलो. उमेदवारीच्या दिवसांत शेजाऱ्यांची स्कूटर नुसत्या नजरेने 'सेट' केली. फट जास्त ठेवली गेली. गाडी चपळ वाटली, आम्ही दोघेही खूश. आठवड्याने मोशीजवळ, मागे बायको बसलेली असताना, पिस्टनला भोक पडले. त्यांची पाळी चुकली, दिवसाचा पगार गेला. पिस्टनचे पैसे मी भरले. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, ते अधिक लागले. तेव्हापासून गेजशिवाय मी पॉइंटला हात लावत नाही.

त्या तरुणाच्या गाडीत उलटे झाले होते. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजून फट जवळजवळ मिटलीच होती. नवे पॉइंट बसवून फट लावली, कागद त्याच्याच हाती दिला. "सुटला!" तो ओरडला. दुसऱ्या किकला चेतक सुरू झाली.

जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक बाजारात आली. तिला ना प्लग, ना पॉइंट. चांगलेच आहे. पण जिन्याखाली जुनी असेल, तर तिला आडवी करण्याआधी ती फट एकदा मोजून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)