सुटीचे पंचांग आणि मारा नदी

नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला रान पाहण्याची पहिली शिकवणी भरती-ओहोटीकडून मिळते. ओहोटी लागून ठाणे खाडीतला चिखल उघडा पडला की रोहित पक्षी तेथे चरावयास पांगतात, आणि पाणी चढू लागले की थवेच्या थवे टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळीत विसाव्यास येतात. म्हणून पाहुण्याने ‘फ्लेमिंगो दाखवा’ म्हटले की आम्ही घड्याळाआधी भरतीचे कोष्टक पाहतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी नौकाही त्याच कोष्टकाची ताबेदार आहे. हे सर्व ठाऊक असूनही, केनियातील सफारीची आखणी करावयास बसलो तेव्हा मी पहिल्याने काय केले असेल, तर भिंतीवरून मुलांच्या शाळेचे सुट्यांचे पत्रक उतरविले.

आपल्या वाट्याला दीर्घ सुट्या दोनच, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. आणि विल्डबीस्टच्या कळपांनी या दोहोंपैकी एकीचीही फारशी दखल घेतलेली नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीचे 14,763 आणि मसाई माराचे सुमारे 1,510 चौरस किलोमीटर मिळून जे सलग गवताळ रान होते, त्यात बारा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, झेब्रे संगतीला घेऊन, वर्षभर हिरव्या गवताच्या मागावर असतात: जानेवारी-फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेस एनडुटूच्या परिसरात माद्या वितात, तेथील गवत सुकू लागले की कळप वायव्येस आणि मग उत्तरेस सरकतात, जुलैच्या सुमारास मारा नदी गाठतात, आणि ऑक्टोबरपर्यंत मगरींना न जुमानता तिच्या दोन्ही तीरांवर ये-जा करून नोव्हेंबरच्या पावसाबरोबर दक्षिणेची वाट धरतात. यातली ‘ये-जा’ लक्षात घेण्याजोगी आहे. कळप काठाशी येतो, तासन् तास खोळंबतो, आणि एखादे जनावर बिचकताच सारा माघारी वळतो. तेव्हा ज्याने मारासाठी एकच दिवस राखून ठेवला, त्याने नशिबावर फारच मोठी उचल घेतली असे समजावे.

मार्च ते मे हा तेथला मोठा पाऊस. माराची काळी माती भिजली की, वऱ्हाडातल्या काळ्या रानात बैलगाडी रुतावी तशी मोटार रुतते, आणि वाढलेल्या गवतात सिंह दहा हातांवर असून दिसत नाही. मुक्कामाचे दर मात्र त्या काळात उतरलेले असतात, व गर्दीला कंटाळलेल्या माणसाने तो सौदा अवश्य करावा. दिवाळीचे गणित अधिक मासावर अवलंबून आहे. 2025 साली दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, म्हणजे रेंगाळलेले कळप गाठण्यास थोडा अवसर होता. 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरवर गेले, तेव्हा त्या सुटीत निघणाऱ्याने मारा नदीचा हट्ट सोडून किलिमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेलीत हत्ती पाहावेत, हे बरे. आम्ही शेवटी तिसराच मार्ग काढला: घरचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे विसर्जन करून दुसऱ्या दिवशी निघावयाचे आणि शाळेकडून चार दिवसांची रजा मागून घ्यावयाची. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास, आणि घड्याळ अडीच तास मागे.

नाकुरूच्या तळ्याविषयी एक खुलासा करणे भाग आहे. गुलाबी किनाऱ्याची जुनी छायाचित्रे पाहून लोक तेथे जातात; परंतु गेल्या दीड दशकात त्या तळ्याचे पाणी चढले, क्षारता उतरली, रोहितांचे खाद्य असलेले नीलहरित शैवाल विरळ झाले आणि बरेचसे थवे बोगोरियासारख्या तळ्यांकडे वळले. तेथे गेंडे आहेत, काळे आणि पांढरे दोन्ही, व त्यांच्यासाठी तो एक दिवस सार्थकी लागतो. पण नाकुरूला प्रसिद्धी मिळाली ती ज्या छोट्या रोहितामुळे, तो आम्हांस हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत घराजवळच मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळताना दिसतो.

कागदपत्रांत सर्वांत आधी पीतज्वराची लस. तिचा दाखला केनियापेक्षा परतताना आपलेच सरकार अधिक कसोशीने मागते, आणि त्याला सबळ कारण आहे: डेंग्यू पसरविणारा एडीस डासच पीतज्वर वाहतो, तो डास येथे मुबलक आहे आणि रोग अद्याप आलेला नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, दाखला दहा दिवसांनी अमलात येतो व जन्मभर चालतो. तो नसल्यास परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग राहण्याची पाळी येऊ शकते. लस कोंबडीच्या अंड्यात तयार होते, म्हणून अंडे न सोसणाऱ्याने तसे आधी सांगावे. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा काढून टाकून ऑनलाइन प्रवास-परवाना ठेवला आहे. टांझानियाचा व्हिसा वेगळा. मारा हे कागदोपत्री राष्ट्रीय उद्यान नव्हे, तर नारोक काउंटीच्या अखत्यारीतील राखीव क्षेत्र आहे, आणि 2024 पासून परदेशी प्रौढाचे प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर रोजचे 200 डॉलर, उरलेल्या सहामाहीत 100. हिशेबाला स्वाहिलीत ‘हेसाबु’, विम्याला ‘बिमा’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात. खुद्द ‘सफारी’ आणि आपली ‘सफर’ या एकाच अरबी घरच्या लेकी. खर्चाचा आकडा त्यामुळे कमी होत नाही, पण थोडा ओळखीचा वाटू लागतो.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे जाणाऱ्या लहान विमानांत सामान्यतः माणशी पंधरा किलो सामान, तेही मऊ पिशवीतले, चालते. गडद निळे आणि काळे कपडे त्सेत्से माशीला ओढून घेतात, म्हणून ते वगळले. दुर्बिणीत काटकसर करावयाची नाही हेही ठरले. अडचण आली ती फराळाची. केनियाने 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी केली आहे, आणि आमच्या आईने चिवडा, शंकरपाळे व मेतकूट, प्रत्येकी दोन पिशव्यांत घालून, रबर लावून तयार ठेवले होते. सारे स्टीलच्या डब्यांत ओतले गेले. ताणकाट्याला पिशवी अडकवून उचलली तेव्हा काटा साडेसोळांवर गेला. आईने डब्याकडे पाहिले नाही, माझ्या बुटांच्या दुसऱ्या जोडाकडे पाहिले. आणि तो जोड नेरूळलाच राहिला.